चिनी काढे आणि स्तनातल्या साध्या गाठी : पर्ची कशी वाचायची?

रानजाई (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. चीनमधल्या पारंपरिक वैद्यकाच्या दवाखान्यांत स्तनदुखी आणि कर्करोग नसलेल्या गाठींसाठी काढे लिहून देतात. शांघाय, सिंगापूरकडे राहणाऱ्या मराठी बायकांच्या हातीही अशा पर्च्या पडतात. भाषा येत नाही, औषधं ओळखीची नाहीत, मग सगळं एकत्र टाकून चहासारखं उकळलं जातं. ते टळावं म्हणून हा धागा.

नमुन्याची पर्ची अशी. आजाराच्या जागी ‘रू फी’ लिहिलंय. व्हिनेगरमध्ये परतलेलं छाय हू १० ग्रॅम, दांग ग्वेई १०, बाय शाओ १२, व्हिनेगरमध्ये परतलेलं श्यांग फू १०, बाय जू १०, फू लिंग १५, श्युआन शेन १२, जे बेइ मू १०, मू ली ३०, ज्यू ह ९, श्या खू त्साओ १५, बो ह ३, गान त्साओ ६ आणि शेवटी हाय झाओ १२. सात पुड्या, रोज एक, दोन वेळा विभागून. मू लीपुढे ‘आधी उकळा’ आणि बो हपुढे ‘शेवटी घाला’ असं बारीक अक्षरात आहे.

प्रश्न तीन. हे दुखण्यासाठी आहे की गाठीसाठी? काढा नेमका करायचा कसा? आणि यात काही खटकण्यासारखं आहे का?

पळसपान
चांगला विषय. आधी नाव उलगडतो. ‘रू’ म्हणजे स्तन आणि ‘फी’ म्हणजे आत लपलेला गोळा. १६१७ सालच्या चिनी शल्यग्रंथात, छेन शिगोंग यांच्या ‘वायक जंगझोंग’मध्ये, रू फीचं वर्णन आहे: गोळी किंवा अंड्याएवढी गाठ, कधी जड होऊन दुखते, कधी दुखत नाही, वरच्या कातडीचा रंग बदलत नाही, आणि राग-आनंदाबरोबर ती वाढते-घटते. आजच्या भाषेत पाळीआधी स्तन भरून येणं, हाताला दाणेदार लागणं, दुखणं. फायब्रोअ‍ॅडिनोमा (घट्ट, कर्करोग नसलेली गाठ) आणि पाण्याची गाठसुद्धा पुष्कळदा याच नावाखाली ढकलली जाते. घोळ तिथून सुरू होतो.

कर्करोगाला त्यांच्याकडे वेगळं नाव आहे, ‘रू यान’, स्तनातला खडक. हा भेद जुनाच आहे, मात्र तो हातानं चाचपून केलेला. त्यावर आज विसंबता येत नाही.

आता पर्ची. छाय हू, दांग ग्वेई, बाय शाओ, बाय जू, फू लिंग, गान त्साओ, बो ह हा ‘श्याओयाओ सान’ या सोंग राजवटीच्या काळातल्या चूर्णाचा सांगाडा. मूळ कृतीत भाजलेलं आलंही असतं, ते इथे गाळलंय. श्युआन शेन, जे बेइ मू आणि मू ली ही तीन ‘श्याओ ल्वो वान’ नावाच्या दुसऱ्या जुन्या कृतीतली, मानेतल्या गाठींसाठीची. ज्यू ह आणि श्या खू त्साओ स्तनाकडे रोख ठेवून वाढवलेली. थोडक्यात, पहिला गट दुखणं आणि चिडचिडीसाठी, दुसरा ‘कठीण ते मऊ करण्यासाठी’. त्यांच्या मते स्तनाग्र यकृताच्या वाहिनीवर आणि स्तन जठराच्या वाहिनीवर येतो. कोंडलेला राग यकृताची ‘छी’ (शरीरात फिरणारी शक्ती) अडवतो, अडलेल्या जागी कफ गोठतो, म्हणून सुरुवात छाय हूनं. वय चाळिशीकडे, पाळी अनियमित, कंबर दुखते असं असेल तर पर्ची बदलते. तिथे ‘अर श्येन थांग’ या दुसऱ्या काढ्याची औषधं येतात.

सोनोवाली
पर्चीवर जाण्याआधी एक गोष्ट. गाठ कसली आहे हे ठरल्याशिवाय एकही पुडी उकळू नका.

पद्धत तीन पायऱ्यांची: डॉक्टरांनी तपासणं, चित्र काढणं, आणि गरज असेल तर सुईनं तुकडा काढून तपासणं (बायोप्सी). तिशीच्या आत सोनोग्राफी पुरते, चाळिशीनंतर मॅमोग्राफीही लागते. अहवालात ‘बायरॅड्स’ हा कर्करोगाचा संशय किती ते सांगणारा आकडा बघा. २ म्हणजे साधी. ३ म्हणजे बहुधा साधी, कर्करोग निघण्याची शक्यता २ टक्के किंवा कमी, सहा महिन्यांनी पुन्हा चित्र. ४ किंवा ५ असेल तर बायोप्सी, आणि काढ्याचा विषय तेवढ्यापुरता बंद.

या खुणा असतील तर आकड्याचीही वाट पाहू नका: एकाच स्तनाग्रातून आपोआप रक्ताळ स्राव, कातडी संत्र्याच्या सालीसारखी किंवा आत ओढलेली, काखेत गाठ, दगडासारखी न हलणारी गाठ, चाळिशीनंतर नव्यानं आलेली कुठलीही गाठ.

मंद_आच
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देते, कारण बिघाड इथेच जास्त होतो.

भांडं मातीचं किंवा चिनी मातीचं. स्टील किंवा काचेचं चालेल. लोखंड, तांबं, अ‍ॅल्युमिनियम नको, औषधातल्या कषाय द्रव्यांशी त्यांची प्रक्रिया होते आणि काढा काळा पडतो. औषधं खळखळून धुवायची नाहीत, फार तर एकदा पाणी फिरवून काढायचं. मू ली सोडून बाकी सगळं (बो ह बाजूला) गार पाण्यात अर्धा तास भिजवा. पाणी औषधांच्या वर दोन बोटं. उकळतं पाणी थेट ओतलं तर वरचा थर आकसतो आणि आतलं बाहेर येत नाही.

मू ली म्हणजे कालवाचे शिंपले. ३० ग्रॅम ठेचून, पण पीठ न करता, वेगळ्या पाण्यात वीस ते तीस मिनिटं उकळायचे. मग त्याच पाण्यात भिजवलेली औषधं त्यांच्या पाण्यासकट. मोठ्या आचेवर उकळी, मग मंद आच, वीस-पंचवीस मिनिटं. शेवटची पाच मिनिटं राहिली की बो ह घालून झाकण. हा पुदिन्याच्या कुळातला आहे, जास्त उकळला की वास उडून जातो आणि उरतो नुसता कडवटपणा. गरम असतानाच गाळा, चोथा दाबून पिळा.

त्याच चोथ्यात पुन्हा पाणी, यावेळी थोडं कमी, आणि वीस मिनिटं. दोन्ही काढे एकत्र करून ३०० ते ४०० मिली व्हायला हवेत. त्याचे दोन भाग, सकाळी आणि संध्याकाळी, जेवणानंतर अर्ध्या तासानं कोमट. पहिला काढा सकाळी आणि दुसरा संध्याकाळी असं करू नका. पहिला कडक, दुसरा पाणचट, मात्रा सारखी राहत नाही. उरलेला भाग फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशीपर्यंतच.

करपलं तर फेकून द्या. पाणी घालून वाचवू नका.

रानजाई
मंद_आच ताई, दंडवत. पर्चीवरच्या ‘व्हिनेगरमध्ये परतलेलं’चा अर्थ घरी परतायचं असा घ्यायचा का?

मंद_आच
नाही, ते दुकानातून तसंच येतं. शंभर किलोला साधारण वीस किलो तांदळाचं व्हिनेगर, जिरेपर्यंत मुरवून मग मंद परततात. समज असा की आंबट चव औषधाला यकृताकडे नेते आणि वेदना कमी करण्याचा गुण वाढतो. ज्यू हसाठी मीठ, शंभर किलोला दोन किलो. ज्यू ह म्हणजे संत्र्याच्या जातीच्या फळाच्या बिया. परतल्या तरी काढ्यात घालताना ठेचायलाच हव्यात, अख्ख्या गेल्या तर चोथ्याबरोबर तशाच निघतात.

मू लीबाबत दुकानात विचारून घ्या, कच्चं की भाजलेलं. गाठींसाठी कच्चं. भाजलेलं शिंपलं स्तंभक होतं, घाम आणि स्राव थांबवायला वापरतात.

कोरा_कागद
बियांपर्यंत संत्रं वापरतात हे वाचून नागपूरकर म्हणून छाती फुगली :)

पळसपान
फुगू द्या! नागपुरी संत्रं त्याच सिट्रस रेटिक्युलाटा प्रजातीचं. कोवळ्या हिरव्या फळाची साल ‘छिंग फी’, पिकलेल्याची जुनी केलेली साल ‘छेन फी’. छिंग फी तीव्र, स्तनाच्या गाठींत ती जास्त लिहितात. अशक्त बाईला जपून.

झाडपाला
ओळखीच्या वनस्पतींचा विषय निघालाच आहे तर सांगतो. श्यांग फू म्हणजे आपल्या शेतात उच्छाद मांडणारा लव्हाळा, मुस्ता, सायपरस रोटुंडस. गान त्साओ ज्येष्ठमधाचा सख्खा भाऊ. पळसपानांनी उल्लेख केलेल्या अर श्येन थांगमधला ‘श्येन माओ’ म्हणजे आपली काळी मुसळी. गाठींच्या गोळ्यांत येणारा ‘रू श्यांग’ हा ऊद, आपल्या सालईच्या कुळातला, आणि ‘मो याओ’ म्हणजे बोळ, गुग्गुळाच्या कुळातला.

पण म्हणून घरातली काळी मुसळी उचलून घालू नका. श्येन माओ त्यांच्याकडे विषारी गणतात, मात्रा ३ ते १० ग्रॅम, आणि दीर्घकाळ देत नाहीत. आपल्याकडे ती दुधात शिजवून वगैरे शोधन करून पौष्टिक म्हणून देतात. मुळी एक, पण संस्कार वेगळे आणि हेतूही वेगळा.

छाय हूमध्ये भेसळीचा धोका खरा आहे. बुप्लुरम चिनेन्स किंवा स्कॉर्झोनेरिफोलियम या दोनच जातींचं मूळ अधिकृत. मोठ्या पानांची लाँगिरेडिएटम जात विषारी आहे, ती छाय हू म्हणून वापरू नये असं चिनी औषधकोशातच नोंदवलंय. तसंच ‘सान छी’ आणि ‘थू सान छी’. पहिलं जिनसेंगच्या कुळातलं, रक्तासाठीचं. दुसरं गायन्युरा, त्यातली अल्कलॉइडं यकृतातल्या बारीक शिरा बंद पाडतात. नावात एक अक्षर जास्त, एवढाच फरक दिसतो.

खडीसाखर
हाय झाओबद्दल कुणीच बोललं नाही! तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. त्यांच्या ‘अठरा विरोधां’त गान त्साओ आणि हाय झाओ एकत्र द्यायचे नाहीत असा स्पष्ट नियम आहे. या पर्चीत दोन्ही आहेत. दुकानदारानं ती परत पाठवायला हवी.

पळसपान
खडीसाखर, नियम बरोबर सांगितलात, पण निकाल इतका सरळ नाही. मी वर ज्या ‘वायक जंगझोंग’चा उल्लेख केला, त्याच ग्रंथातल्या ‘हाय झाओ यूहू थांग’मध्ये, गलगंडाच्या प्रसिद्ध कृतीत, हाय झाओ आणि गान त्साओ दोन्ही आहेत. अनुभवी वैद्य मुद्दाम एकत्र लिहितात आणि पर्चीवर त्या दोन औषधांपाशी पुन्हा सही करतात. दुसऱ्या सहीशिवाय दुकानानं पुडी बांधू नये.

खडीसाखर
पटतं. मग विचारायचा प्रश्न असा: दुसरी सही आहे का? नसेल तर चूक असू शकते.

सोनोवाली
विरोधाचा वाद बाजूला ठेवला तरी हाय झाओ खटकतंच. ते समुद्री शेवाळ आहे, आयोडीननं भरलेलं. १२ ग्रॅम रोज. थायरॉइडची गोळी चालू असेल, आधी थायरॉइड वाढलेला असेल किंवा गरोदरपण असेल तर ते नकोच. नसेल तरी सुरू करण्याआधी आणि तीन महिन्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) बघा. ‘रू फी श्याओ’ नावाच्या तयार गोळ्यांतही हाय झाओ आणि खुन बू ही दोन शेवाळं आहेत. डब्यावरची यादी वाचल्याशिवाय ते कळत नाही.

झाडपाला
बाकीचे सावधगिरीचे मुद्दे पटापट. दांग ग्वेई वॉरफरिनचा परिणाम वाढवतं, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर नाही. गान त्साओ रोज अनेक आठवडे घेतलं तर पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो, लघवीच्या गोळ्यांबरोबर तर नक्की. यकृताचा आजार असेल तर छाय हू जपून. मळमळ, गडद लघवी, अंगाला खाज दिसली की सगळं बंद आणि यकृताची तपासणी. अर श्येन थांगमधलं यिन यांग ह्वो संप्रेरकासारखं काम करू शकतं, म्हणून टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगात संप्रेरकाचा परिणाम रोखणारी गोळी) चालू असलेल्यांनी कर्करोगतज्ज्ञांना न विचारता घेऊ नये.

गोधडी
‘श्याओ चिन वान’ गोळ्यांबद्दल कुणी सांगेल का? गाठी विरघळवणाऱ्या म्हणून फार ठिकाणी सुचवतात.

पळसपान
१७४० सालच्या, वांग वेइद यांच्या कृतीवरून आलेल्या. आत ऊद, बोळ, दांग ग्वेई, गांडूळ, जुनी शाई, कस्तुरी (आता कृत्रिम) आणि प्रक्रिया केलेलं ‘त्साओ वू’, म्हणजे बचनागाच्या कुळातला कंद. मात्रा १.२ ते ३ ग्रॅम दिवसातून दोनदा, आणि गोळ्या ठेचून घ्यायच्या. कडक असतात, अख्ख्या गिळल्या तर नीट विरघळत नाहीत. गरोदरपणात पूर्ण वर्ज्य. अंगावर लाल पुरळ उठणं आणि पोट बिघडणं हे नेहमीचे त्रास, मुख्यतः ऊद-बोळामुळे. पुरळ उठलं तर ‘शरीर विष बाहेर टाकतंय’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका, औषध थांबवा.

आणि मूळ पर्चीशी याची गाठ इथे पडते: अठरा विरोधांत बचनागाच्या कंदाबरोबर बेइ मू चालत नाही. पर्चीत जे बेइ मू आहे. म्हणजे हा काढा आणि श्याओ चिन वान एकाच काळात नाही. वेगवेगळ्या दुकानांतून घेतलं की हे कुणाच्याच लक्षात येत नाही.

मंद_आच
जे बेइ मू आणि छ्वान बेइ मू यांतही गल्लत होते. छ्वान खोकल्याचं, कितीतरी महाग, १-२ ग्रॅम चूर्ण करून घेतात. गाठींना जे. दुकानदारानं ‘उंची माल’ म्हणून छ्वान पुढे केलं तर नको म्हणा.

कोकणकडा
एक औषध या धाग्यात आलं नाही याचा आनंद आहे, तरी नाव घेतो. ‘छ्वान शान ज्या’, खवले मांजराचे खवले. दूध उतरावं आणि गाठी फुटाव्यात म्हणून चीनमध्ये शतकानुशतकं वापरलं गेलं. जुनी म्हण आहे की छ्वान शान ज्या आणि वांग बू ल्यू खाल्लं की बाईचं दूध वाहातच राहतं. खवले म्हणजे केराटिन, आपल्या नखांसारखंच. २०२० च्या औषधकोशातून ते वगळलं गेलं. त्याआधी २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय करारात खवले मांजराच्या सगळ्या आठ प्रजातींचा व्यापार बंद झाला. आपल्या सह्याद्रीतलं, कोकणातलं खवले मांजर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि तरी या बाजारासाठी मारलं जातं. जुन्या पर्चीत हे नाव दिसलं तर वैद्यांकडून पर्याय लिहून घ्या. वांग बू ल्यू शिंग किंवा लोउ लू देतात.

कोरा_कागद
वांग बू ल्यू शिंग हे काय नाव?

कोकणकडा
‘राजानं थांब म्हटलं तरी न थांबणारं’. बारीक काळं बी असतं, ५ ते १० ग्रॅम. कढईत लाह्यांसारखं फोडून घेतात, बहुतेक दाणे फुटून पांढरे दिसले पाहिजेत. न फुटलेल्या बियांतून काढ्यात फारसं काही उतरत नाही. गरोदर बाईला नाही.

गोधडी
दुधाचा विषय आलाच आहे तर, बाळंतिणीच्या स्तनात गाठ झाली, लाल झालं, ताप आला, तर हाच काढा?

पळसपान
नाही, ते ‘रू योंग’, वेगळं दुखणं. तिथे फू गोंग यिंग, म्हणजे डँडेलियन, लिहितात. पण मुख्य काम दूध वाहतं ठेवणं. पाजणं थांबवायचं नाही. दिवसभरात उतार नाही, ताप चढतोय तर प्रतिजैविक, आणि पू झाला असेल तर सुईनं काढावाच लागतो. तो कुठल्याही काढ्यानं विरत नाही.

बाळंतिणींसाठी दोन सावधगिऱ्या आणखी. सातूचे भाजलेले मोड, ‘माय या’, ६० ग्रॅमच्या मात्रेत दूध आटवायला देतात. पचनाचं म्हणून कुणी दिलं तर दूध कमी होईल. आणि दूध वाढवण्याच्या जुन्या कृतींत ‘मू थोंग’ असतं. त्याच्या जागी ‘ग्वान मू थोंग’ विकलं जायचं, त्यात अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल, मूत्रपिंड निकामी करणारं आणि कर्करोगकारक. चीननं २००३ मध्ये ते बंद केलं. जुना साठा, जुनी वही, कुठूनही आलेलं मू थोंग घेऊ नका.

सोनोवाली
मूळ प्रश्नाकडे येते. दुखण्यासाठी की गाठीसाठी?

पाळीबरोबर येणारं दुखणं पुष्कळ जणींत आपोआप कमी होतं. ‘हे कर्करोगाचं नाही’ एवढं नीट सांगितल्यावरही कमी होतं. चिनी काढ्यांच्या बऱ्याच चाचण्या लहान आणि कमी दर्जाच्या आहेत. कोण काय घेतंय हे झाकलेलं नसतं, तीन महिन्यांनी संपतात, आणि दुखणं, दाणेदारपणा, आकार यांचे गुण एकत्र करून ‘परिणामकारक’ ठरवतात. दुखण्याला उतार पडणं शक्य आहे. फायब्रोअ‍ॅडिनोमा काढ्यानं विरघळतो असं मात्र म्हणता येत नाही. त्यातल्या काही स्वतःहूनच लहान होतात, पुष्कळशा तशाच राहतात. पाण्याची गाठ दुखत असेल तर सुईनं पाणी काढलं की पाच मिनिटांत संपते.

मोजायचं असेल तर प्रामाणिकपणे मोजा. औषधाआधी दोन पाळ्या रोज दुखण्याला ० ते १० गुण लिहा, मग औषधाच्या तीन पाळ्या. सोनोग्राफी पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात, शक्यतो एकाच ठिकाणी. वेगळ्या हातानं मोजलं की मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतंच. ‘गाठ १४ ची १३ झाली’ याला अर्थ नाही.

आणि साधं सोपं: नीट मापाची ब्रा, दुखतंय तिथे डायक्लोफेनॅकचं जेल. यांना आधी संधी द्या.

पळसपान
सोनोवालींशी सहमत, फक्त एक भर. काढा घ्यायचाच तर वेळ महत्त्वाची. पाळीच्या सात-दहा दिवस आधी सुरू, पाळी आली की थांबवायचा. दांग ग्वेई आणि रक्त हलवणारी औषधं स्राव वाढवतात. महिनाभर सलग पिणं या पर्चीत अपेक्षित नाही, सात पुड्या म्हणूनच दिल्यात. तीन पाळ्यांत दुखण्याचे गुण उतरले नाहीत तर चौथी फेरी लिहून घेऊ नका.

काढा जमत नसेल तर श्याओयाओच्या घट्ट केलेल्या गोळ्या मिळतात, आठ गोळ्या दिवसातून तीनदा. त्यात शिंपलं, शेवाळ, बेइ मू काहीच नसतं. निव्वळ पाळीआधीच्या दुखण्याला तेवढं पुरे आहे असं माझं मत.

रानजाई
सगळ्यांचे आभार. वरच्या पर्चीवर आता चार खुणा करते: (१) निदानापुढे ‘बायरॅड्स किती?’ (२) हाय झाओपाशी ‘दुसरी सही? टीएसएच?’ (३) जे बेइ मूपाशी ‘श्याओ चिन वान चालू आहे का?’ (४) दांग ग्वेईपाशी ‘पाळीत बंद’. काही राहिलं का?

मंद_आच
पाचवी: मू लीपाशी ‘कच्चं, ठेचून, अर्धा तास आधी’. आणि पुडी बांधताना मू ली आणि बो ह वेगळ्या कागदात मागा. एकदा मिसळलं की निवडत बसावं लागतं.